मागची सीट

१२ ऑक्टोबर

पायलटसाहेब,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र फाडणार, हे मी धरूनच चाललोय. फाडण्याआधी एवढंच वाच. मी आपलं रिमोटचं विमान पुन्हा बांधतोय. तेच, खाली-वर दोन पंखांचं, पिवळं, शेपटीला निळा पट्टा असलेलं. आणि ते तुलाच उडवायचं आहे.

चार वर्षं तू ताईला फोन करतोस आणि मी उचलला की ठेवून देतोस. ठेव. मलाही तुझ्या आवाजाची हौस नाही. पण दवाखान्याच्या व्हरांड्यात, आत तिच्या डोळ्याचं ऑपरेशन चालू असताना, तू माझ्याकडे बोट करून सगळ्यांदेखत म्हणालास, "भावजींनी तोल चुकवला. शेपूट जड होती." अरे, माझं पोट वजनकाटे दुरुस्त करण्यावर चालतं. बाजारातला किराणावाला आणि सोनार, दोघंही काटा माझ्याकडेच आणतात. त्या माणसाला तू तोल शिकवलास! मग मीही गप्प बसलो नाही. "तुझा हात सुटला आणि तू सख्ख्या बहिणीचा डोळा घालवलास," असं मी म्हणालो, तेही मला शब्दन् शब्द आठवतं. आपल्यापैकी एकाचं खोटं आहे. कोणाचं, ते मला आता बघायचंच आहे.

तू विसरला असशील, म्हणून तो दिवस पुन्हा लिहितो. नोकरीसाठी तू दोन दिवसांनी तिकडे जाणार होतास, म्हणून आपण तिघं सकाळीच मैदानावर गेलो. गवतावर चादर टाकून मी तुझ्यासमोर तोल पुन्हा एकदा तपासला. वरच्या पंखाखाली दोन बोटं ठेवली आणि विमान उचललं. नाक किंचित खाली, अगदी हवं तेवढंच. तू म्हणालास, "मस्त." मग विमान ताईपाशी ठेवून आपण दोघं धावपट्टीच्या टोकाला वारा बघायला गेलो. परत आलो, तू रिमोट घेतलास, ताई नेहमीसारखी मैदानाच्या कडेच्या नळाजवळ जाऊन उभी राहिली. विमान धावलं, उठलं, आणि मग नाक वर, आणखी वर. क्षणभर ते हवेत थांबलं आणि एका कुशीवर कलंडून नळाकडे गेलं. पुढचं लिहीत नाही.

माळ्यावरून मोडक्या विमानाचं खोकं खाली काढलंय. नकाशा आहे, लाकूड आणलं. जे जसं होतं ते तसंच करणार. ताईला सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती. सुरी थांबली. "जसंच्या तसं म्हणजे किती जसंच्या तसं?" तिनं विचारलं.

म्हटलं, "केसाचाही फरक नाही."

ती पुन्हा चिरायला लागली, पण तुकडे मोठे मोठे पडायला लागले.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी ये. नाही आलास तर मी काय समजायचं ते समजेन.

तुझा भावजी
(नात्यानं, अजून तरी)

२ नोव्हेंबर

पायलटसाहेब,

उत्तर नाही. हरकत नाही, मी भिंतीशीही बोलू शकतो. चार वर्षांत तेवढा सराव झालाय.

सांगाडा उभा राहिला. बाल्साचं लाकूड किती हलकं असतं ते हातात घेतल्याशिवाय कळत नाही. श्वास जोरात सोडला तर फळी टेबलावरून सरकते. दोन्ही पंखांवर इस्त्रीनं प्लास्टिकची झिल्ली चिकटवून ताणून घेतली. वरचा पंख खालच्यापेक्षा थोडा पुढे, तसाच ठेवला. दोन्ही पंखांचा तिरपेपणा वेगवेगळा असला की विमान स्वतःशीच भांडतं, म्हणून खालून-वरून माप घेऊन घेऊन डोळे दुखायला आले. पुढच्या सीटवर तोच रबरी पायलट बसवला, गॉगलवाला. तो बेटा अपघातातून धडधाकट वाचला होता, नाकावर ओरखडासुद्धा नाही! मागची सीट रिकामी. मागे कधी कोणी बसलंच नव्हतं. आठवतं, ताई तेव्हा चिडवायची, "मागे कोणीच नाही, बिचारा एकटाच उडतो."

काल तोल केला. यासाठी मी खास घोडी बनवली आहे, दोन उभ्या काठ्या आणि टोकाला रबर. त्यावर विमान वरच्या पंखाच्या खुणेवर टेकवलं. बॅटरी आत आणि झाकण लावलेलं, अगदी उड्डाणाला निघाल्यासारखं. सोडलं तर ते डुललं, नाक खाली झुकवून थांबलं. बॅटरी करंगळीच्या नखाएवढी मागे सरकवली तर सपाट. पुन्हा पुढे घेतली. तुला हे सगळं माहीत आहे, तरी लिहितो, कारण तुला ते माहीत असूनही तू तो आरोप केलास. नाक जड असलं तर विमान आळशी होतं, पण घरी येतं. शेपूट जड असली की ते वेडं होतं. मी त्या दिवशी वेडं विमान तुझ्या हातात दिलं नव्हतं.

ताईबद्दल तू फोनवर विचारत असशील आणि ती "बरी आहे" म्हणत असेल. मी सांगतो. चहा ओतताना अजूनही तिला अंतर कळत नाही. कपाला कान असतो तिथे बोट लावते आणि मग ओतते. दातांच्या दवाखान्यातलं काम तिनं सोडलं नाही. लोकांच्या जबड्यांचे साचे घेऊन त्यात ते पिवळट दगडी प्लास्टर ओतते, सुकल्यावर घासून दात नीट करते. एका डोळ्यानं. डॉक्टर म्हणतात, पूर्वीपेक्षा काम बारीक झालंय. घरी आली की मी ज्या खोलीत विमान करतोय त्या खोलीत पाऊल टाकत नाही. दारातून हाक मारते. मी बाहेर आलो की माझ्या हाताला चिकटलेला भुसा झटकते, पण खोलीत बघत नाही.

परवा मात्र दारात उभं राहून तिनं विचारलं, "उडवताना लोक कुठे उभे राहणार?"

"तो रिमोटपाशी. मी बघतो कुठे ते."

"बघू नकोस," ती म्हणाली. "आधीच ठरव."

तिच्या आवाजात काय होतं ते मला कळलं नाही. भीती म्हणावी तर तिचा चेहरा अगदी कोरडा होता.

भावजी

१६ नोव्हेंबर

पायलटसाहेब,

तुझं कार्ड मिळालं. चार वर्षांनी चार ओळी, म्हणजे वर्षाला एक. उदार आहेस. तुझ्याच ओळी तुला परत वाचून दाखवतो: "भावजी, काठी मी पूर्ण पुढे दाबली होती. नाक खाली आलं नाही. मी त्यानंतर रिमोटला हात लावलेला नाही. येणार नाही."

वाचून माझं डोकं फिरलं. रिमोटची काठी पुढे दाबली की शेपटीची आडवी पट्टी खाली जाते आणि नाक खाली येतं, हे विमान उडवणाऱ्या कोणालाही विचार. तोल बरोबर असताना पूर्ण काठी पुढे दाबली तर विमान नाकावर आपटेल, वर कसं जाईल? म्हणजे एक तर तोल बरोबर नव्हता, नाहीतर तू काठी दाबलीच नव्हतीस. घाबरून ओढलीस. माणूस घाबरतो, त्यात पाप नाही. पाप त्यानंतर माझ्यावर खापर फोडण्यात आहे.

आता ऐक. काल विमान उडवलं. बँकेतले ते कॅशियर, जे आपल्याला मैदानावर भेटायचे आणि नोटा मोजाव्यात तशा सावकाश रिमोटच्या काठ्या हलवायचे, त्यांना बोलावलं. त्यांनी धावपट्टीवरून उठवलं, दोन फेऱ्या मारल्या, एकदा हात सोडूनसुद्धा दाखवला. विमान लोण्यातून सुरी जावी तसं गेलं. उतरल्यावर म्हणाले, "काय तोल आहे हो! लहान पोरगंही उडवेल."

तेव्हा प्रश्न मिटला, असं कोणीही म्हणेल. मी म्हणत नाही. तू म्हणशील, कॅशियरसमोर नळाजवळ कोणी उभं नव्हतं, त्यांचा हात का कापेल? बरोबर आहे. म्हणून मी ठरवलंय. रविवारी तू उडवायचंस आणि नळाजवळ मी उभा राहणार. मैदानाच्या रखवालदाराला सांगून तिथे लाकडी खुंटीही ठोकून घेतली, लाल रंगाची, बरोबर ताई जिथे उभी होती तिथे. रखवालदार म्हणाला, "साहेब, हे काय खूळ?" म्हटलं, खूळ नाही, माप आहे.

तुझ्या मनात एकदा तरी आलं असेल ना, की त्या जागी भावजी उभे असते तर बरं झालं असतं? माझ्या मनात तर रोज येतं. मग तसंच करून बघू. विमान नीट गेलं तर चार वर्षं तू खोटं बोललास. माझ्यावर आलं तर मी खोटा, आणि शिक्षाही जागच्या जागी. याहून सरळ काटा मला ठाऊक नाही.

भावजी

३० नोव्हेंबर

तू येतोयस. ताईनं सांगितलं. तुला तिनं फोनवर काय सांगितलं ते विचारत नाही. मला वाटलं होतं, येऊ नको म्हणून ती तुझी मनधरणी करेल. तिनं उलट केलेलं दिसतंय.

घरातली हवा ठीक नाही. हे तुला लिहावं की नाही, याचा मी बराच विचार केला. पण ती तुझी बहीण आहे आणि तिच्याबद्दल बोलायला मला दुसरं कोणी नाही.

मी खुंटीबद्दल तिला सांगितलं नव्हतं. रखवालदारानं सांगितलं, बाजारात भेटला तेव्हा. घरी येऊन तिनं पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "तू तिथे उभा राहणार नाहीस."

"राहणार."

"मग तू जसंच्या तसं करत नाहीयेस. तिथे तू नव्हतास. मी होते."

मी हसण्यावारी न्यायला गेलो. "तुझा दुसरा डोळाही द्यायचाय का त्याला?"

"द्यावा लागला तर देईन," ती म्हणाली. अरे, ती चिडून म्हणाली असती तर मी चिडून उत्तर दिलं असतं. दळण टाकून येते म्हणावं, तसं सहज म्हणाली.

त्यानंतर बुधवारी मी दुकान लवकर बंद करून आलो, तर ती विमानाच्या खोलीत. चार वर्षांत पहिल्यांदा. खिडकीशी खुर्ची ओढून विमान मांडीवर घेऊन बसली होती. मागच्या सीटच्या भोकात तिनं बोट घातलं होतं, आत, अगदी मुळापर्यंत, आणि ते तसंच ठेवून ती बाहेर बघत होती. मला बघून तिनं बोट काढलं. "धूळ बसते आत," म्हणाली. माझ्या खोलीत धूळ? चमत्कारच म्हणायचा.

ती विमानाला काहीतरी करेल अशी मला भीती वाटली. तोडेल, तार कापेल. म्हणून खोलीला कुलूप लावलं. आयुष्यात पहिल्यांदा बायकोपासून काहीतरी कुलपात ठेवलं. तिनं कुलूप पाहिलं. जेवायला वाढलं, स्वतः दोन घास खाऊन उठली. हल्ली ती दवाखान्यातून उशिरा येते. काम वाढलंय, म्हणते.

तू येशील तेव्हा आधी तिच्याकडे नीट बघ. मग माझ्याशी भांड.

भावजी

७ डिसेंबर

छोट्या,

या नावानं हाक मारायचा हक्क मी गमावलाय, पण आज दुसरं नाव सुचत नाही.

तुझ्यासमोर मांडायला म्हणून मी आज दोन्ही विमानांची वजनं घ्यायला बसलो. दुकानातला सोनाराचा काटा घरी आणला होता. नव्याचं वजन आलं, नकाशाबरहुकूम. मग खोक्यातलं जुनं, तुकडा तुकडा करून. मोटर, बॅटरी, पंखांच्या काड्या, झिल्लीच्या चिंध्यासुद्धा. त्यातलं एक चाक आणि प्रॉपेलरचं अर्धं पातं मैदानातच हरवलं होतं, म्हणजे जुनं हलकं भरायला हवं. ते जड भरलं. थोडंथोडकं नाही. कोंबडीचं मोठं अंडं ठेवावं एवढं जड.

मला वाटलं काटा बिघडला. माझा काटा! प्रमाणाचं वजन ठेवून पाहिलं, काटा चोख. पुन्हा एकेक तुकडा ठेवला. नाकाकडचं सगळं बरोबर. पंख बरोबर. शेपटीकडचा भाग तेवढा अखंड वाचला होता, निळ्या पट्ट्यासकट, म्हणून तो मी कधी उघडलाच नव्हता. तो ठेवला आणि आकडा उडाला.

झिल्ली कापली. शेपटीच्या पोकळीत, मागची पट्टी हलवणारी लाकडी काडी जिथून जाते तिथे, त्या काडीत आणि भिंतीत एक बाहुली पाचरीसारखी अडकली होती. पिवळट दगडी प्लास्टरची. दात ओततात त्या प्लास्टरची. पाय तुटलेले, त्यांचे खडे आत सांडलेले. खोक्यात असे खडे मी पूर्वी पाहिले होते, मैदानावरचा चुना समजून झटकून टाकले होते. बाहुलीच्या गळ्यात हिरव्या लोकरीचा मफलर होता. तुझ्या त्या स्वेटरची लोकर, जो तिनं तू निघायच्या आधी विणून पुरा केला होता. आणि नाक तुझं होतं, छोट्या. वाकडं, मध्येच उंचवटा असलेलं. तिनं एवढं हुबेहूब कोरलं होतं की मी तिथल्या तिथे तुझ्यावर ओरडलो असतो.

तुला कळलंच असेल, तरी लिहितो, कारण लिहिल्याशिवाय माझा हात थांबणार नाही. आपण वारा बघायला गेलो तेव्हा विमान तिच्यापाशी होतं. तू दूर जाणार होतास. तुला गंमत म्हणून तिनं तुला मागच्या सीटवर बसवलं. विमान जवळून गेलं की तू ओळखशील, हसशील, असं काहीतरी तिच्या मनात असणार. विमान उठलं, नाक वर झालं आणि बाहुली सीटवरून घसरून, मागे आडभिंत नसल्यानं, थेट शेपटीत गेली. शेपूट जड झाली आणि ती काडीही जाम झाली. तू काठी पुढे दाबलीस. पूर्ण दाबलीस. तुझ्या हातात काहीच उरलं नव्हतं.

तू खरं बोलत होतास. माझाही तोल बरोबर होता. आणि चार वर्षं आपण एकमेकांच्या नरड्याला धरून उभे राहिलो.

मला राग आला. खोटं कशाला सांगू? तिच्यावर आला. आपण दोघं तिच्या पलंगाच्या दोन बाजूंना उभे राहून विचारत होतो, "तू सांग, चूक कोणाची?" आणि ती पट्टी बांधलेलं तोंड भिंतीकडे वळवून पडून राहिली. एक शब्द बोलली असती तर माझा भाऊच म्हणावा असा माणूस माझ्या घरी येत राहिला असता. ती दवाखान्यातून यायच्या आत तिला सुनवायची वाक्यं मी तयार केली. पाठसुद्धा केली. मग मला वाटलं, तिथेच जातो, तिथेच बोलतो.

पुढचं नंतर लिहीन. आत्ता मला नीट बसवत नाही.

भावजी

१० डिसेंबर

छोट्या,

हे कुरिअरनं पाठवतोय, निघायच्या आत तुला मिळायला हवं. फोन तू उचलला असतास तरी मला हे तोंडानं सांगता आलं नसतं.

त्या संध्याकाळी दवाखान्यात पोहोचलो. ताई आत पेशंटचं माप घेत होती. डॉक्टर बाहेर हात पुसत होते. म्हणाले, "बरं झालं आलात. बाईंना जरा विश्रांती घ्यायला सांगा. काम संपल्यावरही बसतात, स्वतःचंच काहीतरी ओततात." आणि हसून खिडकीकडे बोट केलं.

खिडकीत लोकांचे जबडे ओळीनं सुकत ठेवले होते. त्यांच्या मागे, कोणाला सहज दिसू नये असा, तू उभा होतास. नवा कोरा. तसंच नाक, तशीच उंची. गळ्यात हिरवा मफलर. तिनं तुझा स्वेटर तुझ्याकडून मागवून घेतला होता ना, "बाही उसवली असेल, दुरुस्त करते" म्हणून? बाही उसवलीच होती, पण तिनंच ती आणखी उसवली.

तेव्हा मला सगळं उलगडलं. "जसंच्या तसं म्हणजे किती?" "तिथे तू नव्हतास, मी होते." सीटच्या भोकात बोट घालून ती जागा मापत होती रे. रविवारी आपण वारा बघायला गेलो की ती तुला पुन्हा मागच्या सीटवर बसवणार, आणि स्वतः जाऊन लाल खुंटीपाशी उभी राहणार. आपल्या दोघांपैकी कोणी खोटा ठरू नये म्हणून. तोंडानं सांगता येत नाही ते ती विमानाकडून सांगणार आहे.

ती बाहेर आली तेव्हा पाठ केलेलं सोडून "चल, घरी जाऊ" एवढंच म्हणालो. वाटेत तिचा हात धरला. तिनं विचारलं, "काय झालं?" म्हटलं, रस्ता उखडलाय.

मी तिला सांगून टाकावं, बाहुली दाखवावी, मिठीत घ्यावं आणि विमान जाळावं, हे माझ्याही मनात आलं. पण मी तिला ओळखतो. मी माफ केलं तर ती ते माझ्याकडून उधार आणल्यासारखं जन्मभर वागवेल. आणि कबुली तिची आहे. ती तिच्या हातातून हिसकावून घ्यायची नाही. म्हणून मी मला जे येतं ते केलंय. नीट वाच.

मागच्या सीटच्या पाठीमागे प्लायवुडची भिंत घालून चिकटवून टाकली आहे. आता शेपटीत टाचणीही जाणार नाही. शेपटीच्या काडीला तरीही वेगळी नळी घातली. सीटच्या तळाला चिकटपट्टी लावली आहे, वर काळं कापड, दिसणार नाही. बसवलेलं हलणार नाही. मग बाहुलीच्या वजनाएवढं माझं पितळी वजन सीटवर ठेवून विमान पुन्हा घोडीवर घेतलं. शेपूट खाली बसली, त्या दिवशी हवेत काय झालं ते दाखवत. नाकात, मोटरच्या खाली, शिसं भरत गेलो. एक तुकडा, पुन्हा सोडून बघ, आणखी एक. शेवटी नाक किंचित खाली झुकलं आणि थांबलं. कॅशियर आले आणि त्यांनी ते पितळी वजन मागे बसवून पुन्हा पुन्हा उडवून पाहिलं. "आज जरा भारदस्त झालंय," म्हणाले. कारण मी सांगितलं नाही. खोलीचं कुलूप काढलं आहे.

ऐन वेळी तिचं धाडस झालं नाही आणि तिनं बाहुली बसवलीच नाही, तर विमान नुसतं नाकाला जड राहील. आळशी उडेल. घरी येईल.

रविवारी असं करायचं. तोल मी तिच्यासमोर तपासणार, पण शिशामुळे नाक जास्त झुकलेलं तिला दिसू नये म्हणून बोटं खुणेच्या पुढे धरणार. ते तुला दिसेल. "मस्त" म्हण. मग विमान तिच्यापाशी ठेवून आपण धावपट्टीच्या टोकाला वारा बघायला जाऊ. सावकाश चाल. वळून बघू नकोस, काही झालं तरी. तिला जेवढा वेळ लागेल तेवढा लागू दे. वाटेत माझ्याशी बोल, काहीही, शिव्या दिल्यास तरी चालेल. खुंटीपाशी ती जाऊन उभी राहील. तिला मी तिथून हलवणार नाही. मी तिच्या शेजारी उभा राहीन.

तुझा हात कापेल. कापू दे. शेपटीच्या पट्टीची हालचाल मी निम्मी करून ठेवलीय, थोडा हात थरथरला तर विमानाला कळणारसुद्धा नाही. हळू उठव, उंच ने, नळापासून लांबून वळव. पहिल्या फेरीत ती डोळा मिटून घेईल. मी तिचा हात दाबून ठेवीन. ती डोळा उघडेपर्यंत फेऱ्या मारत राहा, बॅटरी पुरेल. उघडला की मी टोपी काढीन. मग जवळून आण, सुरक्षित उंचीवर, पण मागच्या सीटवर कोण बसलंय ते दिसेल इतकं जवळून.

आणि विमान तिच्या उजव्या बाजूनं ने. डावीकडून आणलंस तर तिला तू दिसणार नाहीस.

भावजी